पहिलंच बाळंतपण आणि आई नाही: तयारी कुठून शिकू?

पहिलटकरीण, चिंचवड

नमस्कार सगळ्यांना. मला ३१वा आठवडा चालू आहे. मी बँकेत आहे, नवरा चाकणला कारखान्यात, त्याच्या तीन पाळ्या. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. इस्लामपूरला बाबा एकटे आहेत, त्यांच्याकडे कशी जाणार? सासूबाई बार्शीहून महिनाभर आधी येणार आहेत. खूप मायेच्या आहेत. पण त्यांची तिन्ही बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातची. दवाखान्यात काय चालतं हे त्यांनाही माहीत नाही आणि मलाही.

तपासण्या वेळेवर चालू आहेत. बाळाची वाढ बरोबर आहे, वार (प्लॅसेंटा) वरच्या बाजूला आहे, हिमोग्लोबिन १०.२ होतं ते ११.४ वर आलंय. डॉक्टर म्हणाल्या, "नॉर्मलला काही अडचण दिसत नाही." बाहेर तीसेक जणी बसलेल्या असतात, त्यामुळे पुढचं काही विचारायला तोंडच उघडत नाही.

मला नैसर्गिक प्रसूती व्हावी असं मनापासून वाटतं. घराजवळ गर्भसंस्काराचा एक वर्ग आहे, १८ हजार रुपये. जाऊन चौकशी केली. मंत्र, संगीत, आहार, बाळाशी बोलणं, सगळं छान सांगितलं. मी विचारलं, कळा सुरू झाल्यावर काय करायचं तेही शिकवता का? तर म्हणाल्या, तेव्हा शरीर आपोआप करतं. मी तशीच परत आले. रात्री फोनवर व्हिडिओ बघते, एक बघितला की पुढचा त्याहून भयंकर येतो आणि मग झोप लागत नाही.

खरंच उपयोगाचं काय आहे ते सांगाल का? वर्ग लावू का? कळांची तयारी कशी करू? आणि बाळ घरी आल्यावर त्याचं दूध, आंघोळ, नाळ, यातलं मला काहीच येत नाही. आई असती तर तिलाच विचारलं असतं.

दोन मुलींची आई, नाशिक

तुमचं वाचून माझं पहिलं बाळंतपण आठवलं. मीही काही न शिकता गेले होते. पहिली कळ आली की लगेच निघायचं असतं असं वाटून रात्री अकराला दवाखान्यात पोचले. गर्भाशयाचं तोंड एकच सेंटीमीटर उघडलं होतं. तिथून पुढे पलंगावर उताणी, हाताला सलाईन, जवळ घरचं कुणी नाही, पाणीही नाही. प्रसूती झाली आणि बाळ दाखवून घेऊन गेले. सहा तासांनी माझ्याकडे दिलं, तोवर तिला वरचं दूध पाजलेलं होतं. मला कुणी विचारलंही नाही. पुढे तीन आठवडे ती अंगावर नीट धरायचीच नाही, मला चिरा पडल्या, मी रडायचे आणि घरातले म्हणायचे, हिला दूधच नाही.

दुसरीच्या वेळी मी एकच गोष्ट मन लावून केली, पाजायला आधी शिकले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात आरोग्य आणि पोषणाची व्हिडिओमालिका आहे, मराठीतही आहे आणि फुकट आहे. बाळाला आडवं कसं धरायचं, तोंडात स्तन कसा द्यायचा, ते अगदी सावकाश दाखवलंय. सातव्या महिन्यापासून मी उशी घेऊन तो सराव केला. दुसरी मुलगी जन्मल्यावर चाळिसाव्या मिनिटाला प्यायली. रात्रीचे बाकीचे व्हिडिओ मात्र बंद करा, ती भीती अंगात बसते.

निवृत्त सिस्टर, सातारा जिल्हा

मुली, तुझा शेवटचा प्रश्न वाचला आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसले. मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली २२ प्रसूतिकक्षात. ज्यांच्या आया बाहेर बसलेल्या असत अशाही मुली पाहिल्या आणि ज्यांचं कुणीच नाही अशाही. तुला जमणार आहे. प्रश्न अगदी बरोबर विचारलायस.

सगळं सोड आणि दोन गोष्टी आधी ठरव. कळा चालू असताना तुझ्याजवळ कोण असेल, आणि बाळ जन्मल्यावर पहिला तासभर कुठे असेल. तयारीतलं बाकी सगळं या दोन गोष्टींच्या मागून येतं. इतक्या वर्षांत माझं हेच मत झालंय.

एक रात्र सांगते. जानेवारीचा महिना, उसाचा हंगाम. रात्री दीडला फडावरून एक पोरगी आली, वीस-एकवीस वर्षांची, पहिलटकरीण, बीडकडची. चार सेंटीमीटर झालेलं. सोबत तिची थोरली जाऊ. मी पोरीला पलंगावर झोपवलंच नाही. खिडकीचे गज धरून ती पुढे वाकायची आणि कंबर डावीकडून उजवीकडे हलवायची. कळ आली की जाऊ मागून माकडहाडाच्या वर तळहाताची टाच रोवायची आणि कळ संपेपर्यंत दाब सोडायची नाही. कळ गेली की गुळाच्या कोऱ्या चहाचा एक घोट. पोरगी घाबरून श्वास रोखायला लागली की जाऊ म्हणायची, "सोड गं, तोंडानं सोड." मी दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकत होते, तिचा रक्तदाब बघत होते. पहाटे पावणेसहाला बाळ झालं, एकही टाका पडला नाही. त्या जावेने वर्ग लावला नव्हता. तिला फक्त माहीत होतं की या वेळी हात काढायचा नाही.

माझ्या अनुभवातलं हे सगळं पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही लिहून काढलं. २०१८च्या त्यांच्या सूचनांत बाईला हवी ती सोबत असावी, तिला हिंडू-फिरू द्यावं, हवं ते आसन घेऊ द्यावं, धोका नसेल तर खाऊ-पिऊ द्यावं, बाळाला जागा व्हावी म्हणून योनीच्या तोंडाशी सरसकट छेद घेऊ नये, पोटावर दाब देऊन बाळ ढकलू नये, असं सगळं आहे. आणखी एक मोलाची गोष्ट त्यात आहे. तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशेब त्यांनी काढून टाकला. खऱ्या जोराच्या कळा पाच सेंटीमीटरपासून पुढे धरायच्या, त्याआधीचा वेळ पहिलटकरणीत कितीही लांबू शकतो. नाशिकच्या ताई एक सेंटीमीटरला जाऊन पडल्या आणि रात्रभर कष्टल्या, ते यामुळेच.

आपल्याकडेही २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ घरची एक बाई राहू द्यायला मान्यता दिली. २०१७मध्ये प्रसूतिकक्ष सुधारायला 'लक्ष्य' कार्यक्रम आला. खासगीत मात्र ज्याचा त्याचा नियम, म्हणून आधी विचारावं लागतं. पुढच्या तपासणीला एका चिठ्ठीवर लिहून ने आणि आत गेल्या गेल्या डॉक्टरांच्या हातात दे. सोबत कोण राहू शकतं? कळांत मला चालता येईल का? बाळाचे ठोके चांगले असतील तर नाळ कापायला मिनिटभर तरी थांबाल का? बाळ पुसून लगेच माझ्या छातीवर द्याल का? छेद सगळ्यांना घेता की गरज पडली तरच? आणि इथे सिझेरियनचं प्रमाण किती आहे? शेवटच्या प्रश्नाला लाजू नकोस. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात, सरकारी दवाखान्यांतली १४.३ टक्के. चांगला डॉक्टर या प्रश्नाचा राग मानत नाही. तुझ्या डॉक्टर "अडचण नाही" म्हणाल्यात, म्हणजे बोलायला जागा आहे.

वर्गाचं म्हणशील तर मंत्र-संगीताने मन शांत होत असेल तर घरी ऐक, त्यात वाईट काहीच नाही. पण जो वर्ग कळांबद्दल बोलायला तयार नाही, त्याला १८ हजार देऊ नकोस. प्रसूतीची आसनं, श्वास, नवऱ्याने काय करायचं आणि पाजणं, हे शिकवणारा वर्ग मिळाला तर जरूर लाव, आणि नवऱ्याला किंवा सासूबाईंना सोबत ने. एकटीने शिकून उपयोग नाही.

अंगाचा सराव रोज अर्धा तास. डॉक्टरांनी मना केलेलं नसेल तर चाल. फुलपाखरासारखे पाय जोडून बस. हातागुडघ्यांवर ओणवी होऊन पाठ वर-खाली कर, कंबरदुखीलाही आराम पडतो. भिंतीचा नाहीतर नवऱ्याचा आधार घेऊन उकिडवं बसण्याचा सराव कर. श्वासाचं मोठं शास्त्र नाही. नाकाने घ्यायचा, तोंडाने लांब सोडायचा, आणि सोडताना जबडा आणि ओठ सैल. जबडा आवळला की खालचं अंगही आवळतं, हे मी शेकडो बायकांत पाहिलंय. ३५व्या आठवड्यापासून योनीच्या तोंडाशी हलक्या हाताने तेलाचा मसाज शिकून घे. पहिलटकरणींत त्याने छेद घ्यायची वेळ कमी येते. फक्त आधी डॉक्टरांना विचार आणि पाणी जात असेल, रक्त असेल, जंतुसंसर्ग असेल तर करू नकोस.

निघायचं कधी? कळा पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येक मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर चाललं की निघ. त्याआधी घरी राहा, जेव, अंघोळ कर, झोप. पण पुढच्या गोष्टींत घड्याळ बघायचं नाही, लगेच जायचं: पाणी गेलं, मग कळा नसल्या तरी; पाणी हिरवट किंवा तपकिरी आलं; रक्त गेलं; डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली; ताप आला; ३७ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या; किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली. हालचालीच्या बाबतीत "सकाळी बघू" म्हणून थांबलेल्या बायका मी पाहिल्यात. तू थांबू नकोस, मध्यरात्र असली तरी जा. तपासून सगळं ठीक निघालं तर बरंच झालं म्हणायचं आणि घरी यायचं.

आणि बाळा, एवढं होऊनही पोट उघडायची वेळ आली तर ती हार समजू नकोस. ठोके उतरले, बाळ आडवं असलं, रक्तस्राव झाला, तर त्या शस्त्रक्रियेनेच दोघं वाचतात. मी वाचलेले पाहिलेत.

बाबा झालेला, सोलापूर

पुरुषांनी इथे लिहावं की नाही ठाऊक नाही, पण तुमच्या यजमानांसाठी लिहितो.

आम्हालाही नैसर्गिक प्रसूतीच हवी होती. मी ३६व्या आठवड्यात दवाखान्याचा रस्ता एकदा दुपारी आणि एकदा रात्री गाडीने जाऊन पाहिला, उड्डाणपुलाचं काम चालू होतं म्हणून दुसरा रस्ताही शोधून ठेवला. फाइल, रक्तगटाचा कागद, आधार कार्डं, विम्याचे कागद एका पिशवीत दाराशी टांगले. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे दोन्ही क्रमांक आईच्याही फोनमध्ये टाकले. कळा मोजायला शिकलो. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ धरायचा. मी आधी मधला रिकामा वेळच मोजत होतो.

सिस्टरांनी लिहिलंय तो कंबरेवरचा दाब बायकोने मला आठव्या महिन्यापासून रोज रात्री द्यायला लावला. नेमकी जागा तिनेच दाखवली. कळांच्या वेळी मी आठ तास तो दिला, दुसऱ्या दिवशी माझे हात वर होत नव्हते. चौदाव्या तासाला बाळाचे ठोके उतरायला लागले आणि सिझेरियन करावं लागलं. ती टाके घालून बाहेर येईपर्यंत डॉक्टरांनी बाळ माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून चादर. चाळीस मिनिटं ते तिथे शांत पडून होतं. मग तिच्याजवळ नेलं तर शोधत शोधत स्वतःच प्यायला लागलं. तिला आजही कुणी "नॉर्मल नाही का झालं?" विचारलं की तिचं तोंड उतरतं. मला तो प्रश्नच नको वाटतो.

यजमानांना सांगा, पाळ्यांचं आताच सुपरवायझरशी बोलून ठेवा. ३७व्या आठवड्यापासून रात्रपाळी बदलून मिळाली तर उत्तम.

पहिलटकरीण, चिंचवड

सिस्टर, तुमचं लिहिलेलं मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. जावेच्या हाताचं वाचताना थांबावं लागलं.

बाळाचं विचारते. सासूबाई फोनवर म्हणाल्या की बाळंतशोपा आणि ओव्याची धुरी देऊ, जन्मल्यावर आधी मध चाटवायचा, मग रोज गुटी. पहिले तीन दिवस दूध उतरत नाही म्हणून तोवर साखरपाणी. त्यांना दुखवायचं नाही, पण काय बरोबर आणि काय चूक हे मला ठामपणे सांगता यायला हवं. आणि बाळ आजारी आहे हे मला कळेल कसं? मी आजवर एवढंसं बाळ हातातही घेतलेलं नाही.

निवृत्त सिस्टर, सातारा जिल्हा

सासूबाईंना "तुमचं चुकतंय" म्हणून सुरुवात करू नकोस. त्यांच्या पोतडीत चांगलंही पुष्कळ आहे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, गरम वरण-भात, हे सगळं मागून खा. अळिवात लोह भरपूर असतं. फक्त बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, हे खाऊ नको ते खाऊ नको, हे ऐकू नकोस. तहान लागेल तेवढं पी. लोहाची गोळी बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेव, कॅल्शियमबरोबर एकाच वेळी घेऊ नकोस.

आता नाही म्हणायचं ते. मध वर्षभर अजिबात नाही, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला लुळेपणा आणणारा आजार होऊ शकतो. गुटी नाही, साखरपाणी नाही, साधं पाणीही नाही. सहा महिने फक्त आईचं दूध. धुरी तर नकोच, बाळाच्या फुप्फुसांना तो धूर सोसत नाही. तुला शेक हवा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने घे. काजळात शिसं असू शकतं, नको. आंघोळ घालताना बाळाची छाती पिळून दूध काढायची पद्धत काही घरांत आहे, ती करू देऊ नकोस, गळू होतं. नाकाकानात तेल नको. अंगाला खोबरेल तेलाचा हलका हात आणि टाळूवर दोन थेंब बोट फिरवून, एवढं सासूबाईंना करू दे. त्यांच्या हाताने बाळाला बरं वाटेल आणि त्यांनाही.

"तीन दिवस दूध उतरत नाही" हे मी जन्मभर ऐकलं. उतरतं ते चिकाचं दूध, पिवळसर, घट्ट, अगदी थोडं. बाळाचं पोटही पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभरच मावेल एवढं असतं. तेवढ्यावर त्याचं भागतं, आणि रोगांशी लढायची शक्ती त्यातच असते. ते पिळून टाकणारी घरं मी पाहिलीत.

पाजायचं कसं ते नाशिकच्या ताईंनी सांगितलेल्या व्हिडिओत बघ. मी शब्दांत सांगते, उशी घेऊन करून पाहा. उजव्या बाजूला पाजायचं तर बाळ डाव्या हातावर. त्याचं पोट तुझ्या पोटाला चिकटलेलं, मान वळलेली नाही. डाव्या तळहातावर त्याची मान, अंगठा एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे. डोक्याच्या मागून दाबायचं नाही, दाबलं की बाळ मागे फेकतं. उजव्या हाताने स्तन खालून धर, बोटं बाळाच्या ओठांना समांतर, वडापाव तोंडात बसावा म्हणून दाबतो तसा थोडा चपटा. बोंडी नाकासमोर आण आणि थांब. घाई करायची नाही. जांभई देताना उघडतं तेवढं तोंड उघडलं की बाळाला पटकन जवळ घे, हनुवटी आधी टेकली पाहिजे. नुसती बोंडी तोंडात गेली तर चिरा पडतात. खालचा काळा भाग जास्त आत गेला पाहिजे. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी रुतलेली, नाक मोकळं. सुरुवातीचे काही क्षण ओढ लागते, नंतर दुखता कामा नये. दुखलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडव आणि पुन्हा लाव. दहा वेळा सोडवावं लागलं तरी सोडव.

दूध पुरतंय का याचा हिशेब ओल्या दुपट्यांत असतो. पहिल्या दिवशी एक-दोन, पुढे वाढत जाऊन सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त. शी आधी काळी, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. बाळ रडतंय म्हणजे दूध नाही, असं नसतं.

नाळेला काही लावायचं नाही. हळद, राख, तेल, पावडर, काहीच नाही. कोरडी, उघडी, लंगोटाच्या वर. पाच ते पंधरा दिवसांत गळून पडते. पहिली आंघोळ चोवीस तासांनंतर, अंगावरचा पांढरा लेप रगडून काढू नका. दवाखान्यातून निघण्याआधी बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, चोवीस तासांच्या आत कावीळ-ब ची लस आणि के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन झालंय का हे कागदावर बघून घे. ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर देतील ते रोज.

आजारी कसं ओळखायचं? नीट पीत होतं ते पिईनासं झालं, ही पहिली खूण. अंग ढिलं, हाक मारून उठेना. अंग तापलेलं किंवा तळपाय गार. शांत झोपलेलं असताना मिनिटभर पूर्ण श्वास मोज. साठ किंवा जास्त आले तर पुन्हा मोज, पुन्हा तेवढेच आले किंवा छाती आत ओढली जात असेल तर निघ. झटके. नाळेभोवती लाली, पू. पहिल्या चोवीस तासांतच कावीळ दिसली किंवा तळहात-तळपायांपर्यंत पिवळं पोचलं तर उन्हात धरून वाट बघायची नाही.

हे मी नुसतं दवाखान्यात शिकले नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेतर्फे गावातल्याच बायकांना असं तपासायला शिकवलं, घड्याळ आणि थर्मामीटर हातात देऊन. तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले, १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. त्यावरूनच आज आशाताई घरी येतात, दवाखान्यात बाळंतपण झालं तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. तू शहरात आहेस म्हणून सोडू नकोस, जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात नाव नोंदव. माता-बाल संरक्षण कार्ड तिथेच मिळतं, त्यात धोक्याच्या खुणा चित्रांसकट आहेत. सासूबाईंना ते कार्ड दाखव, माझं नाव सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. तुझ्या डॉक्टरांकडे बोलायला वेळ नसला तर तिथे जाऊन विचार. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, जाणं-येणं हे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहे, हेही माहीत असू दे.

तुझ्यासाठी एक शेवटचं. बाळंतपणानंतर तासाभरात पॅड पूर्ण भिजायला लागला, ताप आला, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर लगेच दाखव. आणि दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर तेही आजारपणच समज. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. आई आठवून रडू येईल, ते वेगळं. ते येऊ दे.

दुपटी विकत घेऊ नकोस. जुन्या मऊ सुती साडीची फाडून कर, डझनभर तरी लागतील.

पहिलटकरीण, चिंचवड

३४वा आठवडा लागला. चिठ्ठी दिली. डॉक्टरांनी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि माझ्यासमोर एकेकाचं उत्तर दिलं. सोबत एक जण चालेल, चालता येईल, बाळ छातीवर देतील. छेद गरज वाटली तरच. सिझेरियनचं प्रमाण त्या म्हणाल्या शंभरात पस्तीसच्या आसपास, आणि का तेही समजावलं. सोबत सासूबाई राहणार आहेत. त्या परवाच आल्या. माझ्या फोनवर पाजण्याचा व्हिडिओ त्यांनी दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "माझ्या धाकट्याच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर." मधाचं त्यांनी स्वतःहून सोडलं. धुरीचं अजून पूर्ण पटलेलं नाही, कार्ड दाखवलंय.

बाबांनी इस्लामपूरहून आईच्या चार साड्या पाठवल्यात, नेहमीच्या नेसण्यातल्या, धुऊन धुऊन पातळ झालेल्या. ट्रंकेत होत्या. त्यांना डांबरगोळ्यांचा वास येतोय, आईचा नाही. चालतील ना दुपट्यांना?

निवृत्त सिस्टर, सातारा जिल्हा

चालतील, पण घाई नको. डांबरगोळ्यांच्या वाफेने काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि जोराची कावीळ होते. आपलं बाळ त्यातलं आहे का हे जन्मायच्या आधी कळत नाही. साड्या आधी दोन-तीन दिवस उन्हात, वाऱ्यावर टाक. मग गरम पाण्यात साबणाने धू, पुन्हा ऊन. वास पूर्ण जाईपर्यंत हेच चालू ठेव, नाकाला लावून बघ. तुझ्या हातात अजून महिना आहे. फाडलीस की कडा शिवू नकोस, शिवण बाळाला टोचते. आणि एक साडी अख्खी ठेव, पाजायला बसशील तेव्हा खांद्यावरून घ्यायला होईल.